पुरलेल्या टाकीचा हिशेब

अमेरिकेत मुलांकडे जाऊन आलेल्या मंडळींच्या तोंडून नायगाराचे वर्णन ऐकले नाही, असे मराठी घर आता इंदुरात शोधूनच काढावे लागेल. तेथील रुंद रस्ते, अखंड वीज आणि निर्मनुष्य पदपथ ह्यांची कौतुकेही सर्वांना पाठ झाली आहेत. त्यांत भर घालण्याचा आमचा विचार नाही. २०२३ च्या शरदात न्यू जर्सी राज्यात आमच्या चिरंजीवांकडे आम्हां उभयतांचा तीन महिने मुक्काम झाला. त्यातला निम्म्याहून अधिक काळ अंगणात पुरलेल्या एका लोखंडी टाकीच्या चिंतेत गेला, आणि लिहिण्यासारखे आम्हांस तेवढेच वाटते. ह्या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांची मुले त्या देशाच्या ईशान्य भागात घरे घेऊन राहिली आहेत. घर जुने असेल, तर त्याच्याबरोबर अशी टाकी पदरात पडण्याचा संभव बराच असतो.

माळव्यातल्या थंडीला रजई आणि शेगडी पुरते. तेथे घर तापवले नाही तर नळांतले पाणी गोठून नळ फुटतात. उष्णता ही चैन नसून घर उभे राहण्याची अट आहे. शहरांतून नैसर्गिक वायूचे नळ रस्त्याखालून जातात आणि प्रश्न सुटतो. जेथे ते नळ पोचलेले नाहीत, तेथील बरीच जुनी घरे तेलावर तापतात. हे तेल म्हणजे आपल्या डिझेलचेच भावंड. त्यावर रस्त्याचा कर नसल्यामुळे ते कोणी मोटारीत भरू नये, म्हणून त्यात तांबडा रंग मिसळलेला असतो. तळघरात बॉयलर असतो, त्याला जोडलेला बर्नर हे तेल जाळतो, आणि तापलेले पाणी भिंतींच्या पायथ्याशी बसवलेल्या नळ्यांतून घरभर फिरते. अधूनमधून तेलाची गाडी येऊन अंगणातल्या एका तोंडाला रबरी नळी जोडते. तेल आत जाऊ लागले, की टाकीतली हवा दुसऱ्या नळीवाटे बाहेर पडते आणि एक शिट्टी वाजू लागते. शिट्टी थांबली, की गाडीवाल्याने समजावे, टाकी भरत आली. इतकी साधी आणि शहाणी युक्ती आम्ही त्या देशात दुसरी पाहिली नाही.

१९५० आणि १९६० च्या दशकांत घरे बांधताना ही टाकी जमिनीत पुरण्याची पद्धत होती. जागा वाचे आणि कुरूप वस्तू दृष्टीआड राही. ५५० गॅलन हे एक सर्रास आढळणारे माप. तेथील गॅलन पावणेचार लिटरांचा, म्हणजे दोन हजार लिटरांहून थोडे अधिकच. पण पोलाद आणि ओली माती ह्यांचे जुने वैर आहे. बाहेरून मातीचा ओलावा पत्रा खातो. आत हवेतल्या बाष्पाचे पाणी होते. ते तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसते आणि तेथून दुसरा गंज सुरू होतो. १९७३ च्या तेलसंकटात काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत चौपटीच्या घरात गेली, तेव्हा अनेक कुटुंबांनी वायू घेतला आणि टाक्या होत्या तेथेच सोडून दिल्या. घरे विकली गेली, मालक बदलले, टाक्यांचा विसर पडला. आजही तेथे जुने घर घेण्यापूर्वी धातुशोधक यंत्र घेऊन अंगण पिंजून काढणारी माणसे पैसे देऊन बोलवावी लागतात. १९८४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने जमिनीखालच्या इंधनटाक्यांसाठी कायदा केला. पेट्रोलपंप त्याच्या कक्षेत आले, परंतु ज्या घरी साठवायचे त्याच घरी जाळायचे, अशा तेलाच्या टाक्या त्यातून वगळल्या गेल्या. त्यांची काळजी राज्यांनी, गावांनी आणि सरतेशेवटी घरमालकाने वाहावयाची.

चिरंजीवांचे घर एडिसनच्या गजबजाटापासून पश्चिमेला, हंटरडन कौंटीत, एका उतारावर आहे. १९६१ चे बांधकाम. टाकी आहे हे घर घेतानाच ठाऊक होते आणि किंमत त्याप्रमाणे कमी करून घेतली होती. सात हिवाळे तिने बिनतक्रार काढले. मग आमच्या मुक्कामात, सप्टेंबरच्या अखेरीस, घराचा विमा उतरवणाऱ्या कंपनीचे पत्र आले : पुरलेली तेलटाकी असलेल्या घरांचे विमे यापुढे चालू ठेवले जाणार नाहीत, नूतनीकरणापूर्वी टाकी काढल्याचा पुरावा सादर करावा. विमा नसेल तर कर्ज देणारी बँक गप्प बसत नाही. जानेवारीची मुदत होती. आणि थंडी नोव्हेंबरातच दारात येते.

त्याच आठवड्यात एडिसनला एका परिचितांकडे जेवणाचा योग आला. तेथे प्रत्येकापाशी ह्या विषयावर तयार मत होते. एका गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेऊन सांगितले, "काका, मुलाला सांगा, उगाच खोदाखोदीच्या भानगडीत पडू नकोस. आत वाळू ओतून बुजवून टाकायची. दीड हजारात काम होतं. खाली माती बघायला कोण जातंय?"

वाळू भरून टाकी जागच्या जागी निकामी करणे बेकायदा नाही, हे येथे सांगितले पाहिजे. गावाच्या बांधकाम कचेरीचा परवाना घेऊन, टाकी आतून साफ करून, तिच्यात वाळू, फेस किंवा पातळ काँक्रीट भरता येते. टाकी ओसरीखाली किंवा पायाला खेटून असेल, तर तोच शहाणपणाचा मार्ग असतो. मात्र असे घर पुढे विकताना गिऱ्हाईक आणि बँक दोघेही नाक मुरडतात. त्या गृहस्थांच्या सल्ल्याचा रोख वाळूवर नव्हताच. तो शेवटच्या वाक्यावर होता.

परतीच्या वाटेवर मोटारीत बराच वेळ कोणी बोलले नाही. चिरंजीवांच्या मनात ते वाक्य घोळत असावे. आमच्याही मनात घोळत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. घरात चार वर्षांची नात, डोक्यावर कर्ज, आणि टाकीखालची माती बिघडलेली निघाली तर खर्चाला तळ नाही, अशा कथा सर्वांनी ऐकलेल्या. दिसत नाही ते नाही, असे मानण्याचा मोह माणसाला अशाच वेळी होतो. सूनबाई मागच्या आसनावरून एवढेच म्हणाल्या, "आपल्या उताराखाली त्यांची विहीर आहे."

'त्यांची' म्हणजे शेजारच्या वृद्ध बाईंची. त्या भागात पालिकेचे पाणी नाही. प्रत्येक घराची स्वतःची बोअरची विहीर, आणि पिण्यापासून सारे पाणी तिचेच. जमिनीखाली तांबडा शेल खडक आहे, भेगाळलेला. माळव्याच्या काळ्या मातीला सरावलेल्या आमच्या डोळ्यांना ती तांबडी माती मोठी देखणी वाटली होती. पण तेल पाण्यावर तरंगते आणि पाणी वाहील तिकडे सरकते. भेगाळलेल्या खडकात ते कोठून कोठे जाईल, ह्याचा अंदाज वरून बांधता येत नाही.

आमच्या इंदुरातल्या घरीही अंगणात हौद आहे. १९७८ साली नर्मदेचे पाणी शहरात आले, ते एक दिवसाआड आणि अवेळी येई, म्हणून घरोघरी जमिनीखाली हौद झाले. आमच्या हौदाला एकदा तडा गेला होता. पाणी मुरले, शेजाऱ्यांची बाग हिरवी झाली, आणि गवंड्याने दोन दिवसांत काम उरकले. पुरलेली टाकी म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे तो हौद होता. पाणी गळाले तर पाणीच जाते. तेल गळाले तर जमीन जाते, आणि ती एकट्या मालकाची नसते.

आम्हां दोघांपैकी एकाची हयात हिशेबखात्यात गेली आणि दुसऱ्याची संसाराच्या हिशेबात. साहजिकच तीन कंत्राटदारांची अंदाजपत्रके आली तेव्हा ती आमच्यापुढे ठेवण्यात आली. पहिले १,७०० डॉलरचे, दुसरे २,३५० चे, तिसरे ३,४०० चे. कोणीही पहिल्याकडे बोट दाखवले असते. पण पहिल्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते, की उरलेले तेल उपसणे, परवाना, मातीचे नमुने आणि खड्डा भरण्याची माती ह्यांचा आकार वेगळा. त्या चार गोष्टी मिळवल्या, तर तो तिसऱ्याच्याही पुढे जात होता. तिसऱ्याने सारे धरले होते, परंतु 'दूषित माती आढळल्यास' ह्या सदराखाली एकच ठोक रक्कम लिहिली होती : २९,००० डॉलर. माती किती निघेल हे ठाऊक नसताना ठोक रक्कम कशी, ह्या प्रश्नाला दूरध्वनीवर त्यांचे उत्तर आले, की अनुभवाने. असे अनुभव आम्ही नोकरीत पुष्कळ तपासले आहेत. दुसऱ्याने काढण्याचे दर स्वच्छ मांडले होते आणि मातीसाठी दर टनाचा भाव दिला होता : खणणे, वाहणे, विल्हेवाट आणि नवी माती मिळून २४० डॉलर. तेथील टन आपल्या टनाहून लहान, सुमारे ९०७ किलोंचा. सूनबाईंनी त्याला एकच अट घातली. प्रत्येक गाडीची वजनकाट्याची पावती जोडली पाहिजे, पैसे पावतीप्रमाणे. इंदुरात ज्याला आपण धरमकाटा म्हणतो, त्याचीच ती चिठ्ठी. तो हसून कबूल झाला.

पण त्यालाही लगेच काम दिले नाही. ह्या प्रकरणात खर्च कोठे वाचला असे कोणी विचारले, तर आम्ही ह्याच टप्प्याकडे बोट दाखवू. टाकी उचलल्यावर खड्डा उघडा पडतो, यंत्र दारात उभे असते, पाऊस येण्याच्या बेतात असतो. अशा वेळी कंत्राटदार म्हणेल ती किंमत मालकाला द्यावी लागते. म्हणून माती आधी पाहावयाची, आणि ती पाहणारा माणूस माती उपसणाऱ्याचा असू नये. काढण्याशी काडीमात्र संबंध नसलेल्या एका तंत्रज्ञाला बोलावले. त्याने प्रथम भरण्याच्या नळीतून एक लांब काठी टाकीत सोडली. काठीच्या टोकाला एक लेप लावलेला होता. तेलात तो जसाच्या तसा राहतो, पाणी लागले की तांबडा होतो. दीड इंच तांबडा झाला. तळाशी दीड इंच पाणी. त्यावरून गळती सिद्ध होत नाही, पण मन निवांत राहत नाही. मग टाकीच्या चार बाजूंना, तिच्या तळाच्याही खाली जातील अशी चार छिद्रे पाडून त्याने मातीचे नमुने काचेच्या बरण्यांत भरले. जुन्या टाकीत हवेचा दाब भरून तपासण्याचीही एक रीत आहे. त्याने ती मोडीत काढली. कुजलेल्या पत्र्याला दाब दिला, तर नसलेले भोक पडते.

तीन नमुन्यांना मातीचा वास होता. चौथ्याची बरणी उघडताच आमच्यापैकी एकीने म्हटले, "डांबरगोळ्या!" तंत्रज्ञाला मराठी येत नव्हते, तरी त्याने मान डोलावली. त्या तेलात नॅप्थॅलिन नावाचे द्रव्य असते आणि प्रयोगशाळा मातीत ज्या द्रव्यांचा शोध घेते, त्यांत ते प्रमुख. आपल्या ट्रंकांतून शालूंच्या घड्यांत ज्या पांढऱ्या गोळ्या ठेवतात, त्यांपैकी जुन्या पद्धतीच्या ह्याच द्रव्याच्या. अहवाल आठ दिवसांनी आला. उताराकडच्या बाजूचा तो एक नमुना मर्यादेबाहेर होता.

त्या राज्याच्या नियमाप्रमाणे गळती उघडकीस येताच पर्यावरण खात्याला कळवावे लागते. दूरध्वनी केला, प्रकरणाला क्रमांक मिळाला, आणि जे झाकता येण्यासारखे होते ते आता झाकता येण्यासारखे राहिले नाही. चिरंजीवांचा चेहरा उतरला होता, पण आवाज मोकळा झाला होता. विमा कंपनीने नियमावर बोट ठेवले. स्वतःच्या जमिनीतले प्रदूषण पॉलिसीत येत नाही. शेजाऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान सिद्ध झाले तर पाहू. टाकीसाठी वेगळी हमी योजना असते, पण ती गळतीपूर्वी घेतलेली हवी. काही राज्यांत घरमालकांना मदत देणारे निधी असतात. त्यांच्या अटी आणि त्यांतली शिल्लक वरचेवर बदलते, तेव्हा कामाला हात घालण्यापूर्वीच चौकशी करावी. आम्ही आमच्या मुदतठेवींचा विषय काढला. चिरंजीवांनी तो पुरता बोलूही दिला नाही. तेथल्याच एका पतसंस्थेतून घरावर आणखी कर्ज घेतले.

राहिल्या त्या उताराखालच्या बाई. चिरंजीवांच्या ओळखीच्या एका वकिलाचे म्हणणे पडले, की अहवाल पुरा होईपर्यंत शेजाऱ्यांशी अवाक्षर बोलू नये. व्यवहाराच्या दृष्टीने तो सल्ला चूक होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु बाई रोज सकाळी त्याच पाण्याची कॉफी करीत होत्या. दोन दिवस घरात ह्यावर वाद झाला; आवाजही चढले. तिसऱ्या दिवशी चिरंजीव आणि सूनबाई अहवालाची प्रत घेऊन त्यांच्याकडे गेले. आम्ही खिडकीतून पाहत होतो. बाईंनी त्यांना आत बोलावले नाही. दारातच चष्मा लावून पाने वाचली आणि एकच प्रश्न विचारला : "पाण्याच्या तपासणीचे पैसे कोण देणार?" आम्ही देऊ, असे चिरंजीव म्हणाले. "मग येऊ द्या माणूस," म्हणून त्यांनी दार लावून घेतले. त्यांची बाजूही खरी होती. न्यू जर्सीत २००१ च्या कायद्याप्रमाणे खाजगी विहिरीचे पाणी घर विकताना तपासावे लागते. ज्यांना घर विकायचेच नाही, त्यांनी वर्षानुवर्षे तपासलेले नसते. विहिरीत काही निघाले, तर त्यांच्या घराची किंमत जाणार होती, आणि तीही आमच्या कुटुंबाच्या तेलाने.

नवी टाकी आधी आणि जुनी नंतर, हा क्रम सूनबाईंनीच ठरवला. बहुतेक लोक उलटे करतात आणि मधले आठ दिवस विजेच्या शेगड्यांवर कुडकुडत काढतात. वायूचा नळ त्या रस्त्याला नाही, आणि हवेतून उष्णता ओढणारा पंप बसवावयाचा तर साऱ्या घराची नळरचना बदलावी लागली असती. तेव्हा तेलच राहिले. २७५ गॅलनची टाकी तळघरात, सिमेंटच्या ओट्यावर, पायांवर उभी केली. आत प्लॅस्टिकची आणि बाहेर जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची, अशी दुहेरी. आतली गळाली तरी बाहेरची धरते आणि माणसाला डोळ्यांनी दिसते. तळघरात असल्याने आणखी एक लाभ. उघड्यावरच्या टाकीत कडाक्याच्या थंडीत तेल दाटते आणि ऐन वेळी बर्नर बंद पडतो. तो धोका टळला. जुन्या टाकीतले वरचे स्वच्छ तेल गाळून नव्या टाकीत घेतले. ते सुमारे दीडशे गॅलन निघाले. त्या वेळी गॅलनला चार डॉलर भाव होता, म्हणजे सहाशे डॉलर वाचले. कंत्राटदार ते तेल 'टाकाऊ' म्हणून नेतो आणि त्याचे पैसेही लावतो, असे पुढे कळले. आधी विचारले म्हणून मिळाले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात यंत्र आले. आपल्याकडे कोणत्याही कंपनीचे असले तरी ज्याला जेसीबी म्हणतात, ते. त्यापूर्वी ८११ ह्या क्रमांकावर कळवले होते. तो देशभर एकच आहे, आणि कळवले की वीज, पाणी, दूरध्वनीवाले येऊन आपापल्या तारा-नळांच्या जागी गवतावर रंगीत खुणा करून जातात. ही सेवा फुकट असते. हिरवळ सोलली गेली आणि दोन तासांत टाकीची पाठ दिसू लागली. नात खिडकीत बसून "हत्ती आला" म्हणून ओरडत होती, आणि खरेच ती पाठ हत्तीसारखीच दिसत होती. कामगारांनी वरचा पत्रा कापला. एक जण आत उतरला आणि तळाचा काळा चिखल पुसून पिंपांत भरू लागला. अशा कामाला गावोगाव माणसे असतात आणि त्यांचे नाव कोणी विचारत नाही. सूनबाईंनी त्या सर्वांसाठी चहा आणि पोहे केले. पोह्यांवर त्यांनी प्रथम संशयाने पाहिले, मग पातेले रिकामे झाले.

टाकी साखळीने वर आली तेव्हा गावचा निरीक्षक हजर होता. त्याने एका हातोडीने सगळीकडे ठोकून पाहिले. उताराकडच्या अंगाला, तळाजवळ, त्याने बोट ठेवले. तीन भोके, दोन मोहरीएवढी, एक तुरीच्या दाण्याएवढे. किती वर्षे त्यांतून थेंब थेंब जात होते, हे सांगणे कोणालाच शक्य नव्हते. तेलाच्या बिलात ते कधी दिसले नाही. एखादा हिवाळा कडक गेला, की बिल तेवढ्याने वाढतेच. खड्ड्यात तांबड्या मातीत एक काळपट करडा पट्टा उतरत गेला होता. त्याचा माग काढत यंत्र दोन दिवस खणत राहिले. प्रत्येक गाडी भरली, की सूनबाई वहीत नोंद करीत आणि संध्याकाळी काट्याच्या पावत्यांशी ताळा जुळवीत. एकंदर माती ३६ टन निघाली. कंत्राटदाराचा प्रथम अंदाज ५० टनांचा होता. खड्ड्याच्या चारी भिंतींचे आणि तळाचे नमुने पुन्हा प्रयोगशाळेत गेले, ते शुद्ध आल्यावरच नवी माती पडली.

आकडे येथे देतो, कारण असल्या लेखांत लोक नेमके आकडेच गाळतात. पहिली तपासणी आणि प्रयोगशाळा ७८० डॉलर. टाकी काढणे २,३५०, परवाना १२५. नवी टाकी जोडणीसह ३,०५०. माती ८,६४०. अखेरचे नमुने व अहवाल २,१००. शेजारच्या विहिरीची तपासणी २६०. एकूण १७,३०५ डॉलर. त्या वेळी डॉलर साधारण ८३ रुपयांना होता, म्हणजे सव्वाचौदा लाखांच्या वर. रक्कम लहान नव्हे. पण ठोकवाल्याच्या नुसत्या मातीलाच २९,००० लागणार होते. आणि टाकी काढण्याचा स्वतःचा खर्च ह्या साऱ्याच्या सातव्या हिश्श्याएवढा. लोक घासाघीस करतात ती त्या सातव्या हिश्श्यावर.

विहिरीचा अहवाल यायला बारा दिवस लागले. ते बारा दिवस घरात कसे गेले, ते लिहिण्याचे कारण नाही. आमच्यापैकी एकीने सोळा सोमवारांचा संकल्प सोडला, दुसऱ्याने नातीला रोज लांबच्या बागेत नेले. पाणी शुद्ध निघाले. चिरंजीव प्रत घेऊन पुन्हा उतार उतरून गेले. ह्या वेळीही बाईंनी चष्मा लावला, पाने पालथी घातली, "ठीक" म्हणाल्या आणि कागद ठेवून घेतला. आम्ही डिसेंबरच्या मध्याला इंदुरास परतलो.

राज्याच्या खात्याचे पत्र २०२४ च्या जुलैत आले. ह्या प्रकरणी पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही, असे एका पानात लिहिलेले. चिरंजीवांनी त्याचे छायाचित्र पाठवले. मूळ पत्र बँकेच्या पेटीत, एक प्रत घरात, एक विमा कंपनीला. नवी पॉलिसी आधीच, जानेवारीत, टाकी काढल्याच्या दाखल्यावर मिळाली होती. घर विकताना हे पान घराच्या दस्तऐवजाइतकेच मोलाचे ठरते, तेव्हा ते हरवू नये.

त्याआधी, एप्रिलमध्ये, एक गोष्ट घडली. शेजारच्या बाईंनी सूनबाईंना दूरध्वनी केला. त्यांच्या घराच्या मागल्या अंगाला, स्वयंपाकघराच्या भिंतीशी, तशीच एक नळी जमिनीतून वर आलेली आहे. त्यांचे घरही त्याच वर्षांतले, आणि विहीर तेथून चाळीस पावलांवर. त्यांना एवढेच विचारायचे होते, की तो लेप कोठे मिळतो. सूनबाई दुकानातून लेपाची नळी आणि लांब काठी घेऊन गेल्या. दोघींनी मिळून काठी आत सोडली, अर्धा मिनिट तशीच धरली आणि हळूच वर काढली. टोकाला चार बोटे तांबडे झाले होते. ह्या वेळी बाईंनी सूनबाईंना आत बोलावले, कॉफी ठेवली आणि त्या तंत्रज्ञाचा नंबर लिहून घेतला.